कच्चे पिस्ते आलेत घरी, पेरून बघू का?

अबोली_फोंडा | २६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न वेडगळ आहे. हसा, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

माझा आतेभाऊ कुवेतला असतो. त्याच्या ऑफिसात रफसंजानचे एक इराणी गृहस्थ आहेत. दरवर्षी सुट्टीवरून परतताना ते घरच्या बागेतले पिस्ते आणतात आणि सगळ्यांना वाटतात. भावाला यंदा चवथीला रजा मिळाली नाही, तो गेल्या आठवड्यात आला आणि त्यातले दीडेक किलो घेऊन आला. भाजलेले नाहीत, मीठ नाही, नुसते उन्हात वाळवलेले. आपण पाकिटातून खातो त्याहून चव वेगळी, थोडी ओल्या काजूगराच्या अंगाने जाणारी.

आईने बरणी भरली. मी ३० दाणे बाजूला काढून ठेवलेत. आमचं घर बांदोड्याला, मागे चार माड, दोन मानकुराद आंबे, एक फणस आणि बिंबलाचं झाड. जागा आहे, विहिरीला पाणी आहे. हे पेरले तर उगवतील का? आणि उगवले तर फळ लागेल का? बाबा म्हणतात काजू लाव, भाऊ म्हणतो लाव लाव. आई काही म्हणत नाही, पण त्या ३० दाण्यांकडे बघते आणि बरणीकडे बघते.

पणजीचा_पाव | २६ नोव्हेंबर, रात्री ९:५२

पुढच्या चवथीला माटोळीत (गणपतीच्या वर फळं टांगतो त्या चौकटीत) पिस्त्याचा घोस बांधायचा बेत दिसतोय. शेजारपाजारच्या माटोळ्या फिक्या पडतील हां.

मिरामारची_मीना | २६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

मी केलाय हा उद्योग! म्हणून आधी हात वर करते. दुकानातून 'बिनखारे' पिस्ते आणले, ओल्या कापसात गुंडाळले, डबीत घालून पंधरा दिवस रोज उघडून बघत होते. सोळाव्या दिवशी मुंग्यांची रांग लागली आणि सतराव्या दिवशी डबी रिकामी. नंतर कळलं की बिनखारे म्हणजे फक्त मीठ नसलेले. भाजलेले ते असतातच. भाजलेल्या दाण्याला कोंब कुठून येणार, भाजलेल्या चण्याला येतो का? पण तुझे खरंच कच्चे असतील तर माझ्यापेक्षा तुझं नशीब चांगलं.

जुनाभाटकार | २७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

उगवेल. फळ धरणार नाही. सावईवेऱ्याला माझं कुळागर आहे, पन्नास वर्षं माती उकरतोय, त्या अनुभवावर सांगतो. ज्या झाडाला पावसाळ्यात छत्री लागते ते झाड आपलं नव्हे.

रोपवेडा_दोडामार्ग | २७ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

भाटकारकाकांशी सहमत, पण रुजवण्याची गंमत का सोडायची? अबोलीताई, मी कलमांचं काम करतो, जास्त करून काजू आणि आंबा, पण दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी पिस्ता रुजवला होता. जे जमलं ते लिहितो.

आधी दाणे चोवीस तास साध्या पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला. चिंचोके भिजवताना तरंगणारे टाकतो तसं इथे करू नका. पिस्त्याचं कवच उघडलेलं असतं, आत हवा अडकते, चांगला दाणाही तरंगतो. त्यापेक्षा कवच अलगद उकलून गर बघा. सुरकुतलेला, काळपट, वास मारणारा बाद. पण कवच पूर्ण काढून नागडा गर पेरलात तर बुरशी लवकर धरते, म्हणून मी कवच थोडं मोकळं करून तसंच ठेवतो.

मग ओलसर वाळू किंवा कोकोपीट, मुठीत दाबलं तर थेंब पडणार नाही इतकंच ओलं. झिपच्या पिशवीत ते आणि दाणे, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात चार ते सहा आठवडे. याने बीला थंडी मिळाल्याचा भास होतो आणि कोंब एकदम, जोरात येतात. पिस्त्याचं बी फ्रिजशिवायही उगवतं, पण मागेपुढे, रडतखडत. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून बघा, बुरशी दिसली तर तो दाणा काढून टाका. मी ट्रायकोडर्मा पावडर (वाईट बुरशीला रोखणारी चांगली बुरशी) चिमूटभर मिसळतो.

कोंब दिसला की मातीच्या, रोपाच्या पिशवीत. आणि ही पिशवी उंच हवी, बारा इंचांच्या खाली नको. याचं सोटमूळ आधी खाली धावतं आणि मगच वर पान दिसतं. मूळ तळाला लागून वळलं की झाड जन्मभर कुबडं. मी चार इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे कापून वापरले होते, खाली जाळी बांधून. मातीत निम्मी जाड वाळू, थोडी जांभ्याची बारीक खडी, शेणखत अगदी नावाला. आणि तिसऱ्यांची (शिंपल्यांची) टरफलं!! ती धुऊन, मीठ घालवून, कुटून घाला. आपली जांभ्याची माती आंबट, पिस्त्याला चुनखडीची माती आवडते.

अबोली_फोंडा | २७ नोव्हेंबर, दुपारी १:२०

रोपवेडा, देव बरें करूं! तिसऱ्यांची टरफलं आमच्याकडे दर बुधवारी तयार होतात, त्याची काळजी नाही. २० दाणे फ्रिजमध्ये टाकते आणि १० तसेच भिजवून पेरते, म्हणजे फरक कळेल.

भाटकारकाका, छत्रीचं नीट सांगा ना. फळ का नाही धरणार? पावसामुळेच?

बायोटेक_बार्देस | २७ नोव्हेंबर, दुपारी ३:४८

पाऊस हे दुसरं कारण. पहिलं कारण थंडी.

पिस्ता पानगळीचं झाड. हिवाळ्यात पानं टाकून झोपतं आणि किती वेळ थंडी गेली याचा हिशोब कळ्या ठेवतात. साधारण ७ अंशांच्या खाली किती तास काढले, हे मोजतात. केरमान नावाच्या जातीला ८०० ते १००० तास लागतात. १००० तास म्हणजे सलग ४२ दिवस रात्रंदिवस ७ अंशांच्या खाली. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा १९-२०ला येतो तेव्हा आपण स्वेटर शोधतो. म्हणजे आपल्या खात्यात तास किती? शून्य. थंडीचा कोटा पुरा झाला नाही तर कळ्या अर्धवट जाग्या होतात. काही फांद्यांना पानं येतात, काही नुसत्या काठ्या राहतात, फुलं मागेपुढे येतात किंवा येतच नाहीत.

पणजीचा_पाव | २७ नोव्हेंबर, दुपारी ४:०१

मालीम जेटीवर बर्फाचा कारखाना आहे. ४२ दिवसांचं भाडं विचारून ठेवू का? बांगडे आणि पिस्ता एकाच खोलीत, हसरा पिस्ता मासळीच्या वासाचा!

सुशेगाद_साखळी | २७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

एक शंका. काजू तरी कुठला आपला? पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, सोळाव्या शतकात. तेव्हा कुणी म्हटलं असतं 'हे झाड आपलं नव्हे' तर आज हुर्राक कशाची प्यायलो असतो? मिरची, अननस, पपई, चिकू, सगळीच परदेशी. आणि सफरचंदाचं काय? हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी एचआरएमएन-९९ काढलं आणि ते मैदानी, गरम भागातही फळतं. पिस्त्याचं का होणार नाही?

बायोटेक_बार्देस | २७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

मुद्दा चांगला आहे, पण नकाशा उघडा. ब्राझीलचा किनारा आणि आपला किनारा, दोन्ही उष्ण, दमट, समुद्राला लागून. काजूला इथे आल्यावर घर बदलल्यासारखंही वाटलं नसेल. पिस्ता मध्य आशियाच्या आणि इराणच्या कोरड्या पठारावरचा. उन्हाळा भट्टीसारखा, हिवाळा गोठवणारा, पाऊस नावाला. रफसंजानला वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आपल्याकडे ३००० च्या घरात. जुलैत एखाद्या जोरदार दिवसात आपण त्यांचं वर्ष पुरं करतो.

सफरचंदात कमी थंडीच्या जाती आहेत हे खरं. ॲना आहे, डोर्सेट गोल्डन आहे. पिस्त्यातही थोड्या कमी थंडीवर भागणाऱ्या जाती आहेत, पण कमी म्हणजे हजाराच्या जागी सहाशे-सातशे. शून्यावर चालणारी मला माहीत नाही.

सुशेगाद_साखळी | २७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

चोर्ला घाटात लावलं तर? तिथे डिसेंबरात दात वाजतात.

जुनाभाटकार | २८ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

दात वाजायला १४ अंश पुरतात, पुता. झाडाला नाही पुरत. चोर्ला उंच आहे म्हणून थंड आहे, आणि उंच आहे म्हणूनच पाऊस फोंड्याहून जास्त. मघाशी छत्री म्हटलं ते यासाठी. पाऊस वरून पडतो तो एक त्रास, पानांवर काळे ठिपके, फांद्या करपणं. पण खरा मरतो तो मुळाशी. जांभ्याच्या खळग्यात पाणी साचलं की मुळाचा देठ काळा पडतो. मी जायफळाची दोन झाडं अशीच गमावली आहेत, आणि जायफळ तर पावसाचं झाड.

आणि अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. नर-मादी. तीस दाणे पेरलेत, समजा दहा जगले. त्यातली पाच नर निघणार. कोकमाचं तेच. आमच्या वडिलांनी भिरंडांच्या बिया टाकून बारा झाडं केली, आठ वर्षं पाणी घातलं, सात नर निघाली. फुलं भरभरून, फळ एक नाही. वडील रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बघून शिव्या घालायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पाणी घालायचे. आता कोकमाची कलमं मिळतात म्हणून सुटलो.

मिरामारची_मीना | २८ नोव्हेंबर, सकाळी ९:००

पिस्त्यात नर-मादी वेगळी???

फ्रेस्नोतला_म्हापसेकर | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:३० (इथे रात्र आहे)

झोप येत नव्हती आणि हा धागा दिसला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाढलेला माणूस, गेली चौदा वर्षं कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात पिस्त्यांच्या बागांना पाण्याची यंत्रणा बसवतोय. त्यामुळे थोडं लांबवतो, सहन करा.

होय मीनाताई, नर वेगळा, मादी वेगळी. फुलाला पाकळ्या नसतात, मधमाशीला त्यात काहीच नाही. पराग वाऱ्यावर उडतो. म्हणून बागेत मध्ये मध्ये नर लावतात, साधारण वीसेक माद्यांमागे एक. इथे वर्षानुवर्षं मादी केरमान आणि नर पीटर्स अशी जोडी होती. गंमत अशी की दोघांना थंडी बरोबर मिळाली तरच ते एकाच वेळी फुलतात. हिवाळा उबदार गेला की नवरदेव मांडवात आणि नवरी अजून झोपलेली, किंवा उलट.

२०१५ साली हेच झालं. आधीचा हिवाळा उबदार गेला होता, या खोऱ्यात हिवाळ्यात धुकं दाटतं तेही कमी पडलं. झाडांना घोस लागले. पण पिस्त्यात कवच आधी वाढतं, पूर्ण आकाराचं होतं, आणि गर नंतर भरतो, जुलै-ऑगस्टात. त्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. फोडून बघितलं तर अनेक बागांत बहुतेक टरफलं रिकामी. एक शेतकरी ट्रॉलीत हात घालून मूठ उचलायचा, फोडायचा, टाकायचा, परत उचलायचा. बोलत काही नव्हता. आता काही जण हिवाळ्यात झाडांवर पांढऱ्या मातीचा, केओलिनचा, फवारा मारतात, ऊन परतवून कळ्या थंड राहाव्यात म्हणून. जिथे थंडी पडते तिथे ही धडपड, मग फोंड्यात काय ते तुम्हीच बघा.

बियांबद्दल. या राज्यातला पिस्ता बियांपासूनच सुरू झाला. विल्यम व्हाइटहाउस नावाचे वनस्पतितज्ज्ञ १९२९ मध्ये इराणला गेले आणि साधारण ९ किलो बी घेऊन परतले. ते चिको गावी लावलं. वर्षं गेली, झाडं तपासली, त्यातून निवडलेलं एक झाड म्हणजे केरमान. बाकीची कामाला आली नाहीत. व्यापारी पीक बाजारात यायला १९७६ उजाडलं. त्यानंतर मात्र बी नाही, डोळे भरूनच झाडं, म्हणजे चांगल्या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपावर बसवून. आपल्या मानकुरादासारखंच, कुणीतरी एक चांगलं झाड ओळखलं आणि सगळ्यांनी त्याचीच काडी नेली.

अबोलीताई, तुमच्या हातातलं प्रत्येक बी म्हणजे त्या नऊ किलोतलं एक. फळाच्या आशेने नका लावू, सात ते दहा वर्षं थांबायचं आणि मग कळायचं की नर आहे.

अबोली_फोंडा | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझा पिस्ता जमिनीतून वर यायच्या आधीच पुरला. 😄 तरी पेरणार. १० दाणे सकाळी भिजवले. २० फ्रिजमध्ये गेले, वर चिठ्ठी, 'खाऊ नये, अबोलीचे'.

म्हापसेकर, एक सांगा. इराणी काका भावाला म्हणाले की आमच्याकडे उघडलेल्या पिस्त्याला खंदान म्हणतात, हसरा. हा यंत्राने फोडतात की आपोआप फुटतो?

फ्रेस्नोतला_म्हापसेकर | २९ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

आपोआप. गर फुगतो आणि कवचाला शिवणीवरून उकलतो, झाडावरच, वरच्या सालीच्या आत. पाणी कमी पडलं किंवा गर नीट भरला नाही की बंद राहतो. ते बंद दाणे मग यंत्राने फोडतात किंवा गर काढायला जातात. सप्टेंबरात यंत्र झाडाचा बुंधा पकडून गदागदा हलवतं, खाली ताडपत्रीसारखी चौकट, काही सेकंदांत झाड मोकळं. साल चोवीस तासांच्या आत काढली नाही तर कवचावर डाग पडतात. पूर्वी अमेरिकेत मिळणारे लाल रंगाचे पिस्ते हे डाग झाकायला रंगवलेले असायचे.

काणकोणचा_कलमी | २९ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

माझा सरळ प्रश्न. पिस्ता आणि काजू एकाच कुळातले ना? मग काजूच्या रोपावर पिस्त्याची काडी बांधली तर? काजूचं मूळ आपल्या मातीत, आपल्या पावसात पक्कं. मुळाचा प्रश्न सुटला की अर्धं काम झालं!

रोपवेडा_दोडामार्ग | २९ नोव्हेंबर, सकाळी ११:५५

कलमी, ही कल्पना मलाही सुचली होती, लाज वाटायचं कारण नाही. कूळ एकच. आंबा, काजू, पिस्ता, चारोळी, बिब्बा, आपला आंबाडा, सगळे एका घराण्यातले. पण कलम जुळायला एवढं नातं पुरत नाही. काजूची प्रजाती वेगळी, पिस्त्याची वेगळी. मी चार बांधून बघितली होती, मृदुकाष्ठ पद्धतीने, काजूच्या कोवळ्या रोपांवर. तीन आठवडे काडी हिरवी राहिली. मी पेढे वाटायच्या तयारीत. मग चारही काळ्या. काडी हिरवी राहिली ती स्वतःच्या साठ्यावर, जोड धरलाच नव्हता.

पिस्त्याची काडी पिस्त्याच्याच भाऊबंदांवर जमते.

वैद्य_डिचोली | २९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

भाऊबंद म्हटलं म्हणून लिहितो. त्यातला एक भाऊ आमच्या दुकानात बसलेला आहे आणि त्याला कुणी ओळखत नाही. काकडशिंगी. लहान मुलांच्या खोकल्याला बालचतुर्भद्र चूर्ण देतात त्यातली, च्यवनप्राशातलीही. लोकांना वाटतं ती कसली तरी शेंग किंवा मूळ आहे. ती हिमालयातल्या रानपिस्त्याच्या पानांवर किड्यांमुळे येणारी गाठ आहे. मावा पानात घर करतो, पान फुगून वाकड्या शिंगासारखं होतं, पोकळ. वाळवून आम्ही तेच वापरतो. त्या झाडाचं नाव पिस्ताशिया इंटेजेरिमा.

फ्रेस्नोतला_म्हापसेकर | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:१०

वैद्यबुवा, कमाल! इंटेजेरिमाचे खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ती खालची मुळं, आम्ही इथे रोज बघतो. इथल्या मातीत मुळातून शिरणारा मर रोग आहे, व्हर्टिसिलियम, त्यापुढे ते टिकतात म्हणून. आता जास्त चालतो तो यूसीबी-१ नावाचा संकरित खुंट, त्यातही बाप इंटेजेरिमाच. म्हणजे मी चौदा वर्षं काकडशिंगीच्या मुळांना पाणी देतोय आणि लहानपणी आजी मधातून चाटवायची तेव्हा तोंड वाकडं करायचो.

मिरामारची_मीना | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

जरा वेगळं, पण सांगून ठेवते. माझ्या भाच्याला काजूची ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी पिस्ताही बंद केला. एकाच घराण्यातले म्हणजे तक्रारही एकच. कुणाच्या घरात अशी मुलं असतील तर कच्चे पिस्ते चाखायला देऊ नका.

बायोटेक_बार्देस | ३० नोव्हेंबर, सकाळी ११:२५

आणि एक रुक्ष गोष्ट माझ्याकडून. परदेशातून खायला आणलेलं आणि पेरायला आणलेलं, यात कायदा फरक करतो. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३. पेरायच्या बियांना परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, कारण बीबरोबर बुरशी, कीड, काहीही येऊ शकतं, आणि आपल्याकडे याच कुळातले आंबा-काजू घरोघरी आहेत. अबोलीताई, झालं ते झालं, पण रोपं आंब्या-काजूपासून लांब ठेवा, मेलेलं रोप जाळून टाका आणि भावाला पुढच्या खेपेला फक्त खायचे आणायला सांगा. जुन्या गोव्याला एला इथे किनारपट्टी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, रोपावर काही विचित्र दिसलं तर पान घेऊन तिथे जा.

अबोली_फोंडा | ३० नोव्हेंबर, रात्री ९:००

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. ओशाळले. कुंड्या गच्चीवर ठेवते, मानकुरादांपासून दूर.

अबोली_फोंडा | १४ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा! हिशोब देते.

नुसते भिजवून पेरलेले १० होते. तीन आठवड्यांत ४ वर आले, बाकीचे उकरून बघितले तर पांढरी बुरशी. फ्रिजमधले २०. पाचव्या आठवड्यात पिशवीतच कोंब दिसायला लागले, पांढरे, माश्याच्या काट्याएवढे. १३ चांगले निघाले. मधे एकदा आईने पिशवी उघडून 'हें कितें कुसलें' म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, चिठ्ठी तिला दिसली नाही म्हणे. डब्यातून काढले.

रोपवेडांचं मुळाबद्दलचं शंभर टक्के खरं. वर दोन पानं आणि पीव्हीसीच्या तुकड्याच्या जाळीतून खाली मूळ डोकावतंय!

अबोली_फोंडा | २ मे, दुपारी ३:१५

१७ पैकी ५ उंदरांनी खाल्ले, एका रात्रीत. कोवळा कोंब नाही, तळातलं बी उकरून. आता वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. उरले १२, वीतभर उंच, पानं जाडसर, राखट हिरवी. या कडक उन्हात आमचा पेरूसुद्धा मान टाकतो, ही रोपं मात्र ताठ. पहिल्यांदाच वाटलं की हे खूश आहेत.

जुनाभाटकार | २ मे, संध्याकाळी ७:००

मे महिना त्यांचा. जून तुमचा.

रोपवेडा_दोडामार्ग | ३ मे, सकाळी ८:२०

निम्मी पत्र्याखाली घ्या, पारदर्शक पत्रा असेल तर उत्तम. पावसाळ्यात पाणी आठवड्यातून एकदाच, तेही बोट घालून माती कोरडी लागली तर. हवेतलीच ओल पुरते.

अबोली_फोंडा | १८ ऑगस्ट, रात्री १०:००

सहा बाहेर ठेवली होती, सहा गॅलरीत पारदर्शक पत्र्याखाली. मुद्दाम. बाहेरची सहाही गेली. आधी पानांवर तपकिरी ठिपके, मग शेंडा, मग मातीलगत देठ काळा, अगदी भाटकारकाकांनी लिहिल्यासारखा. शेवटचं परवा गेलं. बायोटेकांनी सांगितल्याप्रमाणे चुलीत घातली सगळी. पत्र्याखालची चार आहेत, वाढ थांबलीय पण जिवंत.

भावाने त्या इराणी काकांना फोटो दाखवला. त्यांनी आधी विचारलं, हे कुणाच्या घरी आहे, मग विचारलं, तिथे पाऊस किती पडतो. भावाने आकडा सांगितला. त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली, परत विचारला. मग बराच वेळ गप्प. त्यांच्याकडे विहिरी दरवर्षी खोल जातायत, काही शेजाऱ्यांनी बागा सोडल्यात. शेवटी म्हणाले, बहिणीला सांग, पिस्ते मी पाठवत जाईन, तिने थोडा पाऊस पाठवावा.

फ्रेस्नोतला_म्हापसेकर | १९ ऑगस्ट, सकाळी ९:३०

हे वाचून दोनदा चहा केला.

पणजीचा_पाव | १९ ऑगस्ट, सकाळी १०:०५

पाऊस पाठवायला तयार आहे, आमच्या १८ जून रस्त्यावर साचलेला सगळा न्या. बादली आमची.

अबोली_फोंडा | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

वर्ष झालं म्हणून शेवटचा हिशोब. दोन उरलीत. एक दीड फूट, दुसरं त्याच्या कमरेएवढं. आता खरं तर दोघांनी पानं टाकून झोपायला हवं. मोठ्याने निम्मी पानं पिवळी करून टाकली आणि निम्मी तशीच ठेवली, म्हणजे याला कळतच नाहीये हिवाळा आला की नाही. धाकट्याने एकही टाकलं नाही. तो पूर्ण गोंयकार झालाय.

बाबांनी मागे दोन काजूची कलमं आणून लावली, वेंगुर्ला-४. माझ्याकडे न बघता.

आणि त्या मेलेल्या रोपांचे दहा पाइप रिकामे पडले होते. माती बदलून, उन्हात तापवून ठेवले होते. आईने मला न विचारता त्यात पपईच्या बिया टाकल्या. पंधरा दिवसांत दहाही पाइप हिरवे.

जुनाभाटकार | २२ डिसेंबर, सकाळी ६:१५

पपईतही नर निघतात, बाय. पुढच्या वर्षी किती निघाले ते लिहा.